पाऱ्याने खाल्लेला डूल

माद्रिदच्या दक्षिणेकडल्या अल्मादेन गावी, पाऱ्याच्या भट्ट्यांच्या आवारात किंतीन मोरागासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे त्याला पाण्यात पाहणारेसुद्धा कबूल करत. खाणीतून हिंगुळाचा लालभडक दगड वर यायचा, भट्टीत भाजला जायचा, त्याची वाफ गार होऊन पारा हौदात साठायचा आणि तो पारा लोखंडी बुधल्यांत भरायचं काम किंतीनचं. एका बुधल्यात तीन अरोबा, म्हणजे साडेचौतीस किलो. बुधला दिसायला एवढासा, अडीच लिटर दूध मावेल इतका, पण नवखा माणूस ऐटीत उचलायला गेला की कंबर धरून खाली बसे. किंतीन भरताना काट्याकडे बघतही नसे. झारी कलती करायची, धारेचा आवाज ऐकायचा आणि बरोबर जागेवर हात थांबवायचा. तीस वर्षं तो असाच भरत आला होता.

आणि आता तोच हात थरथरत होता.

सुरुवात वर्षभरापूर्वी झाली. सकाळच्या कॉफीचा कप बशीवर किणकिण वाजला आणि किंतीनला वाटलं, बाहेरून ट्रक गेला असेल. दुसऱ्या दिवशी ट्रक नव्हता, तरी कप वाजला. तेव्हापासून त्याने कप सोडला आणि पेल्यातून प्यायला लागला, तोही दोन्ही हातांनी. दाढी न्हाव्याकडे. रस्त्याने जाताना हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं त्याने वर्ष काढलं.

लपवायचं कारण गावात कुणाला सांगावं लागलं नसतं. हात कापतोय हे खाणीच्या डॉक्टरला कळलं की माणूस पाऱ्यापासून दूर, बाहेरच्या कामाला, रस्त्यावर खडी टाकायला नाहीतर ओकच्या रानात. पण किंतीनला खडीची भीती नव्हती. त्याला भीती होती त्याच्या बापाच्या खुर्चीची. बाप खाणीत होता, पन्नाशीत त्याला पारा लागला, विष अंगात भिनलं आणि शेवटची सहा वर्षं तो दारातल्या खुर्चीत बसून हलत राहिला. आई त्याला चमच्याने भरवायची. गल्लीतली पोरं ओरडायची, "म्हाताऱ्याच्या हातात चाळणी द्या रे, आयतं पीठ चाळून होईल!" हे ऐकून किंतीन एकदा एका पोराचे दोन दात पाडून आला होता. बापाला बरं वाटलं नाही. तो म्हणाला, "खरं तेच बोलला की तो."

तर ही गोष्ट छप्पन सालच्या फेब्रुवारीतली, ज्या थंडीत ऑलिव्हची झाडं उभ्या उभ्या जळाली त्या फेब्रुवारीतली. किंतीनला नात झाली होती. मुलगा गास्पार पोस्टात होता. त्याला खाणीत पाठवणार नाही असं वचन किंतीनने बायकोला, साबिनाला, ती जाण्याच्या आधी दिलं होतं आणि ते पाळलं होतं. सून हासिंता डोंगरापलीकडची, धनगरांच्या घरातली, बोलायला रोखठोक आणि मनाने लोण्यासारखी. मुलगी तीन आठवड्यांची झाली होती आणि रविवारी तिचा बाप्तिस्मा होता.

मोरागांच्या घरची एक रीत होती. घरातल्या पहिल्या नातवंडाला चर्चमधल्या पाण्याच्या कुंडावर आजोबाने धरायचं. मेणबत्ती दुसरं कुणीही धरो, लेकरू आजोबाच्या हातात. किंतीनला त्याच्या आजोबाने धरलं होतं, गास्पारला किंतीनच्या बापाने, हात कापायला लागायच्या आधी.

सोमवारी जेवताना हासिंताने विषय काढला. "बाबा, रविवारी मुलीला तुम्ही धरायचं. मेणबत्ती माझी पेत्रामावशी धरेल."

किंतीन हरभऱ्याच्या रश्शात पाव बुडवून खात होता. चमचा त्याने ताटाशेजारी तसाच ठेवला होता. "माझी पाठ धरलीय," तो म्हणाला. "दुसरं कुणी बघा."

"तीन किलोची पोर आहे. बुधला नाहीये."

"पाठीला काय कळतं, पोर आहे की बुधला?"

"मग कोण धरणार?" गास्पारने विचारलं.

"माझ्या कामावरच्या सिरीलोला सांग."

"सिरीलोकाका? अहो, तो स्वतःला धरून चर्चपर्यंत पोचला तरी मिळवली!" हासिंता हसली, पण तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. तिने ताटं उचलली. स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरीच उभी राहून ती म्हणाली, "तीन आठवडे झाले. तुम्ही तिला एकदाही घेतलं नाही. मुलगा असता तर पाठ दुखली नसती, एवढं कळतं मला."

गास्पार म्हणाला, "अगं, काहीतरीच काय!" टेबलाखाली किंतीनचे दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले होते.

आता खरी गंमत अशी, की हासिंताचं म्हणणं साफ खोटं होतं आणि ते खोटं आहे हे एकट्या किंतीनलाच माहीत होतं.

तो बारा वाजता कामावरून सुटायचा. साडेबाराला हासिंता दोन घागरी घेऊन चौकातल्या नळावर जायची. तिथे रांग, रांगेत गप्पा, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मुलगी पाळण्यात झोपलेली. "जरा लक्ष असू द्या," हासिंता सांगायची. "तुम्ही घेत नाही तिला, तर रडली की खिडकीतून हाक मारा." पहिल्याच दिवशी मुलगी रडली. किंतीन हाक मारायला खिडकीशी गेला, परत पाळण्याशी आला, परत खिडकीशी गेला. मुलीचा चेहरा लालबुंद झाला होता. शेवटी त्याने घरातली सगळ्यात बुटकी खुर्ची ओढली. पडलीच पोर, तर फार उंचावरून पडायला नको. गुडघ्यांवर कोपरं टेकवून, श्वास रोखून त्याने तिला छातीशी घेतलं. हात कापत होते. हातांबरोबर मुलगी कापत होती. आणि ती गप्प झाली. एकदा मोठा सुस्कारा टाकून ती झोपून गेली.

त्या दिवसापासून रोज अर्धा तास ती त्याची होती. नळावरून घागरींचा आवाज वळणावर आला की तो तिला पाळण्यात ठेवून दूर खिडकीशी उभा राहायचा, दाराकडे पाठ करून. घरात येणाऱ्या सुनेला वाटायचं, म्हातारा पोरीकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही.

शुक्रवारी कामावर वाईट झालं. चौथा बुधला भरताना झारीची तोटी बुधल्याच्या तोंडावरून सरकली आणि मूठभर पारा फरशीवर सांडला. सांडला की त्याचे शंभर मणी होतात आणि शंभर दिशांना पळतात. ओल राहत नाही, डाग राहत नाही, फक्त पळापळ. सिरीलो शेजारीच बुधल्यांची झाकणं आवळत होता. त्याने झटकन पायाने फळी आडवी सारली, हरणाच्या शेपटीच्या झाडणीने मणी एकत्र लोटले आणि ते एकमेकांत मिसळून पुन्हा एक झाले.

"झारीची तोटी वाकडी झालीय," किंतीन म्हणाला.

"हो. वर्षभर वाकडीच आहे," सिरीलो म्हणाला. मग आवाज खाली आणून: "हे बघ, मी आंधळा आहे, मुका आहे, आणि दारुडा तर आहेच. पण डॉक्टर लेआंद्रो यातलं काहीच नाही. पुढच्या महिन्यात तो तुझ्या हातात पाण्याचा पेला देईल आणि शंभर मोजेल. तेव्हा काय करणार? पेला पिऊन टाकणार?"

"तू तुझी झाकणं आवळ."

"आवळतो. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार आहे तो, एवढं सांगून ठेवतो."

बारा वाजता किंतीनने नियमाप्रमाणे कामाचा शर्ट आणि पँट खोलीत टांगली, हात कोपरापर्यंत घासून धुतले आणि घरचे कपडे चढवले. फक्त एक गोष्ट त्याने बदलली नाही, आणि ती तो कधीच बदलत नसे. आत घातलेली लोकरीची बंडी. साबिनाने विणलेली, पाच लाकडी बटणांची. भरायच्या खोलीत लोकर घालायची नाही असा नियम होता, पण त्या थंडीत नियमाने ऊब येत नव्हती. शिवाय ती बंडी अंगात असली की सकाळी दारातून कुणीतरी निरोप दिल्यासारखं वाटे. पारा विणीच्या घरांत शिरून बसतो हे किंतीनला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. तीस वर्षं पाऱ्यात राहिलेल्या माणसाला तो घरचा वाटू लागतो, आणि चूक होते ती तिथे.

हासिंता घागरी घेऊन गेली. किंतीनने बुटकी खुर्ची ओढली, मुलीला घेतलं आणि रोजच्यासारखं बोलायला लागला.

"काय गं, आज बाराखडी कुठपर्यंत आली होती? हां, नावं. परवा तुला नाव मिळणार, आजीचं. पण आपल्या पाऱ्याला नावं किती, ठाऊक आहे? अरब इथे खाण चालवायचे, ते म्हणायचे अझोगे. आपणही तेच म्हणतो. ग्रीक म्हणाले, ही पाण्यासारखी चांदी. त्यांच्या त्या शब्दातली दोन अक्षरं अजून डॉक्टरांच्या पुस्तकात आहेत, एच आणि जी. आणि किमयागारांनी त्याला रोमन देवांच्या जासुदाचं नाव दिलं. का? तर दोघांचे पाय एका जागी ठरत नाहीत. बुधवार त्याच देवाचा. आणि तू जन्मलीस कधी? बुधवारी. म्हणजे तुझ्या आईच्या डोक्याला ताप आहे पुढे."

मुलीने जांभई दिली.

"जांभया देऊ नकोस, ऐक. लोखंडाचा गोळा टाक त्याच्यात, तरंगतो. लहानपणी मी पाना टाकून बघायचो, लाकडासारखा वर. आणि जगात कुणालाही ताप येऊ दे, माद्रिदला येऊ दे की हवानाला, काचेच्या नळीत चढतो तो आपला पारा. आरशांमागे तोच. दात भरायला तोच. अमेरिकेतल्या खाणींतलं सोनं दगडातून ओढून काढलं तेही यानेच. सोनं दिसलं की हा थांबत नाही. नुसता स्पर्श झाला की खायला लागतो, पांढरं फटक करून टाकतो. एक लोखंड तेवढं त्याला पचत नाही, म्हणून बुधला लोखंडाचा..."

बोलता बोलता त्याचं लक्ष मुलीच्या उजव्या कानाकडे गेलं. तो कान रोज त्याच्या छातीला टेकलेला असायचा. कानात सोन्याचा डूल होता, मसुराच्या डाळीएवढा, हासिंताच्या पणजीपासून चालत आलेला. तो सोन्याचा दिसत नव्हता. तो शिशासारखा पांढरा दिसत होता.

किंतीनने मुलीला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, तरी डूल पांढराच.

या गावात लहान पोरालासुद्धा पांढऱ्या सोन्याचा अर्थ कळतो. भट्टीवाल्यांच्या बायका नवऱ्याचे कपडे धुताना लग्नाची अंगठी काढून मिठाच्या बरणीत टाकतात ती उगाच नाही. हासिंताला तो डूल दिसला की पहिला प्रश्न एकच: पारा हाताळणारं या घरात कोण आहे? आणि दुसरा: मग त्याने मुलीला कधी घेतलं? आणि घेता येत होतं, तर रविवारी का नाही? तीन प्रश्नांत ती थेट त्याच्या हातांपर्यंत पोचली असती.

उपाय त्याला येत होता. सोन्याला चढलेला पारा आगीने उडतो. त्याने मुलीला पाळण्यात ठेवलं. डूल काढताना फिरकी आपणच सैल झाली होती, ते नशीब. चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन तो मागच्या अंगणात गेला, कारण ती वाफ घरात सोडण्याइतका तो मूर्ख नव्हता. लोखंडी चमच्यात डूल ठेवला, चमचा निखाऱ्यांत टेकवला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. पांढरेपणा हळूहळू मळकट झाला, मग विरला आणि खालून सोनं पुन्हा वर आलं, थोडं फिकट, थोडं खरबरीत. राखेने आणि चिंधीने घासल्यावर तेही बरं दिसायला लागलं. स्वतःवर खूश होऊन किंतीन आत आला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की डूल काढणं वेगळं आणि घालणं वेगळं.

कानाचं भोक सुईच्या टोकाएवढं, फिरकी ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्याने श्वास रोखला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही मिळून जास्तच हलायला लागले. कोपर पाळण्यावर टेकवलं, तर पाळणा हलायला लागला. पहिल्यांदा टोक गालाला लागलं. दुसऱ्यांदा मानेला. तिसऱ्यांदा मुलगी जागी झाली, तिने त्याच्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. "थांब गं माझी आई, एकदाच, एकदाच थांब," असं तो म्हणतोय तोवर डूल बोटांतून निसटला, फरशीवर टुणकन वाजला आणि पलंगाखाली गेला.

हासिंता दोन घागरी घेऊन दारात आली तेव्हा तिचा सासरा पलंगाखाली अर्धा शिरलेला होता.

"बाबा? काय शोधताय?"

"काही नाही," पलंगाखालून आवाज आला.

तिने घागरी ठेवल्या आणि मुलीला उचललं. उजवा कान रिकामा. डाव्या कानातल्या डुलाच्या कडेवर, नखाने ओढावी तशी, एक पांढरी रेघ. तिने रेघेवर बोट फिरवलं. ती निघाली नाही. अंगणाच्या उघड्या दारातून फावड्यावरचे निखारे दिसत होते. हासिंता तीन वर्षं या गावात होती, तेवढं तिला पुरलं.

"पारा!" ती ओरडली. "माझ्या लेकराच्या अंगाला पारा! कुणी घेतलं तिला? तुम्ही घेतलंत? कधी?"

किंतीन बाहेर आला, गुडघ्यांवरच बसला. "रोज," तो म्हणाला.

"रोज? पाठ दुखते म्हणालात ना? तीन आठवडे मी स्वतःला जाळत बसलेय, की माझी पोर या घरात कुणाला नकोशी आहे. आणि तुम्ही रोज..."

किंतीनने दोन्ही हात पुढे केले. काही सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. उजव्या तळहातावर डूल होता आणि तो तव्यावरच्या दाण्यासारखा नाचत होता.

हासिंता बघत राहिली. मुलगी रडत होती, तरी ती बघत राहिली. मग तिने मुलीला पटकन पाळण्यात ठेवलं आणि किंतीनसमोर खाली बसली. "काढा ते," तिने बंडीकडे बोट दाखवलं. "यातूनच आलाय तो. आत्ताच्या आत्ता काढा."

किंतीनने वरचं बटण धरलं. बटण सुटेना. त्याने परत धरलं. हासिंताने त्याचा हात बाजूला केला आणि पाचही बटणं स्वतः सोडली, लहान मुलाची सोडावीत तशी. किंतीनला त्याची आई आठवली आणि चमचा आठवला. ज्याला तो वर्षभर भीत होता ते हेच होतं, आणि ते असं समोर येऊन, पाच बटणांत उरकून गेलं. त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, कारण हात लपवायला शिल्लक नव्हते.

हासिंताने बंडी अंगणात नेली आणि पांढऱ्या परातीवर झटकली. खसखशीएवढे तीन थेंब पडले, उतारावरून घरंगळले आणि मधोमध येऊन एक झाले.

"सासूबाईंनी विणलेली ना?" तिने विचारलं.

"हो."

"जाळणार नाही मी. पण ही घरात येणार नाही." तिने बंडी मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला लावली. आत येऊन गरम पाण्याने मुलीला नखशिखान्त धुतलं, दुसरे कपडे घातले आणि डावा डूलही काढून ठेवला.

मग ती म्हणाली, "मला वाटलं, मुलगी म्हणून."

"छे गं. मुलगा असता तर जास्त घाबरलो असतो. तो खाणीत गेला असता."

"गास्पारला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. सिरीलोला आहे, पण तो मोजण्यात नाही."

हासिंताने दोन्ही डूल चिंधीत बांधले. "मी गावात सांगेन, बाबांची पाठ धरलीय," ती म्हणाली. "शपथेवर सांगेन. रविवारी तुमचा भाऊ, गास्पारचा चुलता, धरेल पोरीला. डॉक्टरला काही कळणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक ऐका. तुम्ही रोज तो पारा अंगावर घेऊन येणार असाल तर माझी मुलगी तुम्हाला मिळणार नाही. पाळण्याच्या दांडीला हात लावू देणार नाही. मग तुम्ही माझ्यावर रागवा, नाहीतर काही करा."

"आणि पारा सोडला तर?"

"तर रोज अर्धा तास कशाला? दिवसभर घ्या की."

रविवारी चर्च भरलं होतं. थंडी अशी, की पाद्रीच्या तोंडातून प्रार्थनेबरोबर वाफ निघत होती. पहिल्या बाकावर डॉक्टर लेआंद्रो, गुडघ्यांवर टोपी ठेवून. मागे खाणीतली माणसं आपापल्या काळ्या कोटांत. मुलीच्या कानांत डूल नव्हते, आणि बायकांनी एकमेकींकडे बघून त्याची नोंद घेतली.

पाद्रीने विचारलं, "लेकरू कोण धरणार?"

गास्पारचा चुलता पुढे यायला उठला. हासिंताने किंतीनकडे बघितलं नाही. ती मुलीच्या झबल्याची फीत सारखी करत होती. किंतीन गास्पारचा, पाऱ्याचं वारं न लागलेला कोट घालून भिंतीशी उभा होता, हात खिशात. त्याने खिशातून हात काढले. चर्चच्या मधल्या वाटेने तो हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून चालत आला, सगळ्यांना दिसतील असे. तीस वर्षांत त्याने भरलेल्या बुधल्यांपैकी एकही त्याला इतका जड लागला नव्हता.

"मी धरणार," तो म्हणाला.

हासिंताने मुलगी त्याच्या हातांत दिली. लगेच झबल्याची लांब किनार थरथरायला लागली. चर्च असं चिडीचूप झालं, की कपड्याची सळसळ मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. पेत्रामावशीच्या हातातली मेणबत्ती सरळ जळत होती आणि तिच्या उजेडात किंतीनचे हात कापत होते, मनगटापासून खांद्यापर्यंत. डॉक्टर लेआंद्रोंनी गुडघ्यांवरची टोपी बाकावर ठेवली आणि ते पुढे झुकले.

"नाव काय?" पाद्रीने विचारलं.

"साबिना," किंतीन म्हणाला. आवाज कापला नाही.

बर्फासारखं पाणी मुलीच्या डोक्यावर पडलं. तीनदा पडलं. एवढ्या थंडीत दुसरं कुठलंही पोर किंचाळलं असतं. साबिनाने नाक मुरडलं, सुस्कारा टाकला आणि ती झोपलेलीच राहिली.

पाद्रीला म्हाताऱ्याची दया आली. "पुरे झालं, किंतीन," तो हळूच म्हणाला. "मावशीकडे दे आता." पेत्रामावशीने मेणबत्ती गास्पारकडे दिली आणि मुलीला आपल्या भक्कम हातांत घेतलं. सात पोरं वाढवलेले हात, दगडासारखे स्थिर. साबिनाने डोळे उघडले. तिने क्षणभर वाट बघितली. मग ती अशी काही रडायला लागली, की घुमटातली कबुतरं उडाली. मावशीने थोपटलं, झुलवलं, गाणं म्हटलं. पाद्रीने प्रार्थना दोनदा सुरू करून दोनदा सोडली.

"मावशी, बाबांकडे द्या," हासिंता मोठ्याने म्हणाली. "तिला तेच हात माहीत आहेत."

मुलगी परत किंतीनकडे आली. झबल्याची किनार थरथरायला लागली. रडं नळ बंद केल्यासारखं थांबलं आणि ती झोपून गेली. मागच्या बाकावरून सिरीलो म्हणाला, "बघा, आणि मला म्हणे झारीची तोटी वाकडी आहे!" त्यावर आधी खाणीतली म्हातारी माणसं हसली, मग बायका, मग पाद्रीसुद्धा. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचे हात खिशात होते.

बाहेर पोरं बाप्तिस्म्याच्या आनंदात उधळलेले बदाम आणि चिल्लर टिपण्यात गुंतली होती तेव्हा डॉक्टर लेआंद्रो किंतीनजवळ आले. त्यांनी पेला मागवला नाही. मुलीखालच्या हातांकडे थोडा वेळ बघून ते म्हणाले, "किती दिवस झाले?"

"वर्ष."

"गाढवा, वर्षभर बोलला नाहीस? उद्यापासून भट्ट्यांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

"समजलं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांना तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यांचा आवाज मऊ झाला. "बापासारखं होईल म्हणून घाबरू नकोस. त्याला उशिरा काढलं होतं. तू पाऱ्यापासून लांब राहा, मोकळ्या हवेत काम कर. हे कमी होईल. कदाचित पूर्ण जाईलसुद्धा."

किंतीनने हातांतल्या साबिनाकडे बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

"जाऊ दे, पण हळूहळू जाऊ दे, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "ही चालायला लागेपर्यंत राहिलं तरी माझी काही तक्रार नाही."